नेहमीचीच पत्रिका

लोर्नाचं पत्र फेब्रुवारीत आलं होतं. मे उजाडला, तरी एलवुड टॅन्सलीनं त्याला उत्तर दिलं नव्हतं. दोघांच्या घरांमध्ये एक चर्च आणि एक सोयाबीनचं शेत, एवढंच अंतर. तरी तिनं तिकीट लावून पत्र पाठवलं, कारण समोर विचारलं की एलवुड विषय टाळून हवापाण्यावर बोलू लागतो, हे तिला शाळेपासून ठाऊक होतं.

‘माझे गुडघे गेले,’ तिनं लिहिलं होतं. ‘नोव्हेंबरात मी मतदानाच्या टेबलामागे कामाला बसणार नाही. टेबलाला दोन्ही पक्षांची माणसं लागतात, आणि कागदोपत्री गावातली शेवटची डेमोक्रॅट मीच. दुसरं कुणी मिळालं नाही, तर अग्निशमन केंद्रातलं मतदान बंद करून सगळ्यांना काउंटीच्या मुख्य गावी पाठवतील. म्हाताऱ्या मिसेस ग्रॉसला तिकडे कोण नेणार? तू आतून आमचाच आहेस. मेमध्ये एकदा आमची मतपत्रिका माग, म्हणजे डेमोक्रॅट म्हणून तुझी नोंद होईल. मग माझी खुर्ची तुझी.’

मेमध्ये पक्ष आपले उमेदवार ठरवत, आणि कोणत्या पक्षाची पत्रिका हवी ते टेबलापाशी तोंडानं सांगावं लागे. एलवुड वर्षानुवर्षं रिपब्लिकन पत्रिका मागत आला होता. काचेचा कारखाना होता तोवर सगळं गाव युनियनबरोबर डेमोक्रॅटांना मत द्यायचं. कारखाना गेला आणि एकेक घर रिपब्लिकनांकडे गेलं. का, हे समजून घ्यायला त्यानं कपाटभर पुस्तकं वाचली आणि शेवटी डोकं धरलं. आता नोव्हेंबरच्या खऱ्या निवडणुकीत रिपब्लिकनांसमोर कुणी उभंच राहत नसे. काउंटीचा पोलीसप्रमुख, म्हणजे शेरिफ, ठरायचा तो मेमध्येच. म्हणून उरलेसुरले डेमोक्रॅटही रिपब्लिकन पत्रिकाच घेत, आणि कागदावर स्वतःला पुसून टाकत. असे आणखी किती होते, देव जाणे. विचारायचं कुणी?

त्यात यंदा रिपब्लिकनांतच आताच्या शेरिफविरुद्ध र्‍होंडा बिक्सलर उभी होती. त्याचीच विद्यार्थिनी, सरळ बाई. तिला एकेक मत हवं होतं.

मतदानाच्या सकाळी टेबलामागे लोर्ना होती, आणि शेजारी रिपब्लिकनांचा ड्वेन हॉबार्ट.

“या सर! नेहमीचीच ना?” ड्वेननं पत्रिका उचललीसुद्धा.

“दुसरी,” एलवुड पुटपुटला.

“काय?”

“दुसरी दे.”

“सर, वर्गात आमच्यावर ओरडायचात, ‘हॉबार्ट, मोठ्यानं बोल, भिंतीला ऐकू येऊ दे!’ आता तुमची पाळी.”

रांगेत हशा पिकला. एलवुडचे कान तापले. चाळीस वर्षं इतिहास शिकवला आणि एक शब्द घशातून निघेना! त्याला स्वतःचाच संताप आला.

“डेमोक्रॅट!” तो ओरडलाच.

हशा थांबला. कुणीतरी म्हणालं, “अगंबाई, सरसुद्धा?” ड्वेननं दुसरी पत्रिका पुढे केली. तिच्यावर शेरिफपदाखाली नावच नव्हतं. गावच्या एकाही पदाखाली नव्हतं.

“झाली एकदाची नोंद,” लोर्ना मान वर न करता म्हणाली. “पण बसणार आहेस का, ते लिहून दे. तोंडी तू उद्या फिरशील.”

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या दुकानात कळलं, र्‍होंडा अगदी थोडक्यात पडली.

“तिकडं ओरडायला गेलात, सर,” ड्वेन म्हणाला. “माझंही मत तिलाच होतं. तुमच्यासारखी चार शहाणी माणसं इकडे राहिली असती, तर निवडून आली असती की ती!”

“चार होती का?” एलवुडनं विचारलं.

“मला काय माहीत? कोण सांगतंय?”

एलवुडनं कॉफी अर्धीच सोडली. कोरी पत्रिका घेऊन त्यानं काय मिळवलं होतं? एक खुर्ची. आणि तीही ड्वेनच्या शेजारी, दिवसभर! घरी जाऊन त्यानं कागद काढला. आधी ‘माफ कर, मला जमणार नाही’ असं लिहिलं. मग खिडकीतून मिसेस ग्रॉस काठी टेकत चर्चकडे जाताना दिसली. त्यानं चरफडत तो कागद फाडला आणि दुसऱ्यावर लिहिलं:

‘बसतो. खुर्ची कडक आहे, उशी ठेवून जा. र्‍होंडा पडली त्याचा राग मात्र मी कुणावर काढू ते सांग.’

शेत ओलांडून हातात देता आलं असतं. पण तिनं चहाला बसवलं असतं, आणि तो हवापाण्यावर बोलू लागला असता. त्यानं तिकीट लावलं, पोस्टापर्यंत गेला आणि पत्र पेटीत टाकलं.