खुंट्यांची भिंत

तुकोगंजातल्या सैनिक स्मारक भवनावर यशोधरेचा लहानपणापासून जीव होता. होळकरांच्या फौजेतले लोक महायुद्धावरून परतले आणि त्यांनी स्वतः राबून ते उभारलं. भिंती इतक्या जाड की मे महिन्यातही आत गारवा, आणि कमानी इतक्या देखण्या की आजच्या काचेच्या इमारतींची कीव यावी.

आता ती आर्किटेक्ट झाली होती आणि भवनाच्या डागडुजीचं काम तिच्याकडेच आलं होतं. एकच गोष्ट तिला खटकायची. दालनातल्या सागवानी खुंट्या कुठे वर, कुठे खाली होत्या. प्रत्येकीखाली एका शिपायाचं नाव कोरलेलं होतं.

"या सगळ्या एका लाइनीत घेऊ या," ती म्हणाली.

समितीचे म्हातारे अध्यक्ष शरच्चंद्रजी भडकलेच. "रहने दे, पोरी! लाइनीत ते आयुष्यभर उभे राहिले. इथे प्रत्येकाने आपल्या डोक्याच्या उंचीला आपली खुंटी ठोकली, फेटा टांगायला. जा, तुझ्या पणजोबांची शोध."

घरच्या फोटोत पणजोबा नानासाहेब घोड्यावर बसलेले होते. ते सहा फुटी, धिप्पाड होते असंच घरात सगळे सांगत. यशोधरा टाचा उंचावून वरची नावं वाचू लागली. तिथे ते नव्हते. मग ती टाचांवर उतरली, आणि नानासाहेबांची खुंटी थेट तिच्या नाकासमोर आली.

तिला हसू फुटलं. मग डोळे भरून आले. एवढासा माणूस एवढं मोठं युद्ध लढून आला, आणि खुंटी ठोकताना बोटभरही खोटं बोलला नाही.