माझ्या दांड्यावरचा हात

मी यारी बोलतेय. दोस्तीची यारी नव्हे, ओझं उचलायची यारी. एक जाडजूड लाकडी खांब, त्याच्या डोक्यावर गोल फिरणारी आडवी भुजा, भुजेच्या टोकाला कप्पी, कप्पीवरून खाली आलेली साखळी आणि साखळीला लोंबणारा चार बोटांचा लोखंडी पंजा. खांबाच्या कमरेला एक दातेरी चाक आणि ते फिरवायचा दांडा. संपला माझा संसार. मला ना इंजिन, ना वीज. माणसाने दांडा फिरवावा आणि मी उचलावं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी फसवलं म्हणायला नको. मी स्वभावाने जळकुटी आहे. माझ्या अंगावर जो गंज दिसतोय ना, त्यातला निम्मा तरी पावसाचा नाही.

मी आले ती एका मरणामागून. ज्या शेतावर मला उभं केलं, तिथे चौदा गाई होत्या. त्यांचं वर्षभराचं वाळलं गवत गोठ्यावरच्या माळ्यावर चढवून ठेवावं लागे. घरातला एकुलता एक मुलगा भरल्या गाडीवर उभा राहून दाताळ्याने एकेक भारा वर फेकत होता. एक भारा वर गेला आणि हा खाली आला. मान मोडली. मागे राहिले त्याचे वडील आणि तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली बायको.

पुढच्या गवताच्या आधी म्हातारबाबा लोहाराकडे गेले. म्हणाले, "असं काहीतरी करून दे, की गवतासाठी परत कुणाला वर चढावं लागू नये."

लोहार नंबर एकचा बढाईखोर. "काका, हत्ती उचलाल असं यंत्र देतो!"

"हत्ती नाहीत माझ्याकडे. गवत आहे. आणि ते उचलायला फक्त सून आहे."

लोहाराची बढाई तिथेच संपली. त्याची बायको भाता सोडून उठली. दुसऱ्या दिवशी ती सुतळीचा तुकडा घेऊन शेतावर आली, सुनेला सरळ उभं केलं, हात कोपरात वाकवायला लावला आणि जमिनीपासून कोपरापर्यंत माप घेतलं. नवऱ्याला म्हणाली, "दांडा इथं बसव. पुरुषाच्या मापाने बसवलास तर पोरीचे खांदे वर्षभरात निखळतील."

म्हणून मी तिच्या मापाची झाले. इतर यंत्रं कुणाच्याही हातात चालतात. मी तिची होते. हे माझ्या डोक्यात पहिल्या दिवशीच भरलं आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

पहिल्या दिवशी शेजारपाजारचे लोक तमाशा बघायला कुंपणाशी जमले होते. "आता बाई आभाळाला शिंकं टांगणार," असं कुणीतरी म्हणालंच. तिने कुणाकडे पाहिलं नाही. पंजा गवतात रुतवला, दांड्याला हात घातला. टक, टक, टक. चाकाच्या दातांत खिटी एकेक करून पडत गेली. ही खिटी म्हणजे माझी शपथ बरं का: दांडा सुटला तरी चाक मागे फिरू द्यायचं नाही. चार पुरुषांना एका वेळी जेवढं उचलता आलं नसतं तेवढं गवत मी उचललं, भुजा वळवली आणि माळ्याच्या दारात अलगद ठेवलं. कुंपणावरची तोंडं आपापल्या घरी गेली.

त्यानंतर अकरा वर्षं आम्ही दोघीच. ती मला "बाई" म्हणायची. "चल बाई, एवढा एक. मग चहा." चहा ती एकटीच प्यायची, पण आमंत्रण दोघींना असायचं.

सुख होतं, पण सुखात मुंगी असतेच. माझ्या खांबाला एक खिळा होता आणि त्या खिळ्यावर तिने नवऱ्याचं दाताळं टांगलं होतं. त्याचा कुणाला उपयोग नव्हता. तरी ती ते धुवायची, पुसायची. एकदा उन्हाने त्याचा दांडा तडकला, तर तिने बसून त्याला नवा दांडा घातला. आणि माझ्या कप्पीला तेल? ते उद्या! मी ते दाताळं माझ्याच अंगावर वागवत होते आणि मनात म्हणत होते, अगं, ज्याने तुझा माणूस खाली आणला त्याचे एवढे लाड, आणि जी तुला खाली पडू देत नाही तिला उद्याचा वायदा? मग एक भुरी गाय होती. ती व्यायली की बाईसाहेब तीन दिवस गोठ्यात. मी बाहेर साखळी लोंबवून उभी.

पण हे सगळे लहानसहान हेवे. खरा हेवा बाराव्या वर्षी आला, चार चाकांवर बसून, धूर सोडत.

त्या वर्षी गवत अमाप झालं आणि मामंजींची कंबर धरली. सासऱ्यांना ती मामंजी म्हणायची. तेच म्हणाले, "सूनबाई, यंदा लोडरवाल्याला बोलावू या." हा माणूस आपला लोडर घेऊन शेतोशेती कामं करत हिंडायचा. ताडमाड उंच, थंडी असो नसो अंगात एकावर एक दोन स्वेटर, आणि दर अर्ध्या तासाला एकच प्रश्न: "माझा पाना पाहिलात का कुणी?" पाना त्याच्याच खिशात असायचा.

आमचं तीन आठवड्यांचं काम त्या लोडरने दोन दिवसांत संपवलं. मी म्हटलं, असू दे, पोटात इंजिन असल्यावर कुणीही उचलेल. ते मी सोसलं. सोसलं नाही ते दुसरंच. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने चौथ्यांदा पाना हरवला. तिने त्याच्या मागच्या खिशाकडे बोट दाखवलं. त्याने चाचपलं आणि गंभीरपणे पान्याला म्हणाला, "अहो, निदान सांगून तरी बसत जा."

ती हसली. तोंडावर हात न ठेवता, मोठ्याने हसली.

मी अकरा वर्षांत हजारो भारे उचलले होते. तिच्या ओठाचा एक कोपरा मला कधी उचलता आला नव्हता.

पुढच्या वर्षी तो गवताला आला. नंतर गवत नसतानाही यायला लागला. "इथून चाललो होतो, म्हटलं डोकावून जावं."

मामंजी गोठ्याच्या पायरीवर विळ्याला धार लावत बसलेले असायचे. ते मान वर न करता म्हणायचे, "हा रस्ता पुढे कुठेच जात नाही. आमच्या गोठ्याशी संपतो."

"हो का?" तो म्हणायचा. "मग बरोबर पोचलो."

माझं काय झालं म्हणता? माझा दोरीचा खांब झाला. भुजेपासून घराच्या खिडकीपर्यंत दोरी बांधली आणि त्यावर कपडे. एकदा तर त्याचा ओला स्वेटर, ठिबकता, थेट माझ्या पंजात अडकवला. ज्या पंजाने गवताचे डोंगर उचलले त्याला हा मान! तेल बंद झालं. खिटीवर गंजाचा थर चढला. चाकाचे दोन दात झिजून बोथट झाले. कुणी बघितलं नाही, आणि मला तोंड नव्हतं.

मग तो दिवस आला. सकाळची वेळ होती, लख्ख ऊन पडलं होतं. लोडरचं इंजिन बिघडलं आणि ते बाहेर काढल्याशिवाय दुरुस्त होणार नव्हतं. लोडरवाल्याने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर माझ्यावर आली.

"ही उचलेल का हो?"

"उचलेल म्हणजे?" ती फणकारली. "तुमच्या लोडरच्या आधीची आहे ती."

किती दिवसांनी माझ्या बाजूने बोलली! तिने दोरीवरचे कपडे काढले, दोरी सोडली आणि दांड्याला हात घातला. तोच हात, तीच पकड. मी हरखले. पण उचलायचं काय होतं, तर माझ्या वैऱ्याचं काळीज.

टक, टक, टक. इंजिन लोडरमधून वर आलं. तिने दांडा एका हाताने धरून दुसऱ्याने भुजा वळवली. इंजिन टेकवायला त्याने लाकडी घोडी आणली होती. ती सरकवायला तो गुडघ्यांवर बसला आणि ढकलता ढकलता खांद्यापर्यंत इंजिनाखाली गेला.

आता जे सांगते ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्याला खाली वाकलेला पाहिला आणि माझ्या मनात आलं: सुटलं तर?

एवढंच. मी काही केलं नाही. लाकूड-लोखंड काय करणार? पण मनात आलं, आणि त्याच क्षणी बोथट दातावरून खिटी घसरली.

चाक उलटं फिरलं. दांडा तिच्या हातातून निसटला, गरकन फिरला आणि तिच्या मनगटाच्या वर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. माझ्या दांड्यावरच ऐकला. तिने किंकाळी फोडली नाही. मोडलेला हात बाजूला टाकून तिने सगळी छाती दांड्यावर झोकून दिली आणि ओरडली, "बाहेर! आधी बाहेर या!"

इंजिन त्याच्या पाठीच्या वीतभर वर थांबलं होतं. तो सरपटत बाहेर आला, उठला आणि तिच्या अंगावरून दांडा धरला. दोघांनी मिळून ते ओझं खाली टेकवलं. मग तो रडायला लागला. एवढा ताडमाड माणूस, दोन स्वेटर घातलेला.

मामंजी काठी टेकत धावत आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "ही अवदसा! आजच तोडतो हिला."

"नाही मामंजी." ती भिंतीला टेकून खाली बसली होती, चेहरा पांढराफटक. "तिची चूक नाही. दोन वर्षं मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चूक माझी आहे."

माझ्यावर घण घातले असते तर बरं झालं असतं. ज्या बाईचा हात मी मोडला ती माझी बाजू घेत होती, आणि माझ्या मनात काय आलं होतं ते तिला कधीच कळणार नव्हतं.

सहा आठवडे तिचा हात प्लास्टरमध्ये होता. लोडरवाला रोज पहाटे येऊन चौदा गाईंचं दूध काढायचा. सुरुवातीला गाईंना त्याच्या हाताची सवय नव्हती. दोन लाथा खाल्ल्या, तेव्हा गाईंची माफी मागायला लागला. त्याला भाकरी थापता येत नव्हती म्हणून तिघांसाठी रोज खिचडी. मामंजी पानावर बसून म्हणायचे, "आज काय बेत?" आणि स्वतःच उत्तर द्यायचे, "खिचडी. छान. कालची आठवण येत होतीच."

एका दुपारी मामंजी आणि ती माझ्या पायाशी सावलीत बसली होती. मामंजी बराच वेळ काठीने माती उकरत होते. मग म्हणाले, "सूनबाई, एक सांगायचं राहून गेलंय. तेरा-चौदा वर्षं राहिलंय. माझा मुलगा गेला तेव्हा तू चोवीस वर्षांची होतीस. तुझ्यासाठी माणूस बघायला हवा होता. पण बघितला असता तर तू गेली असतीस, आणि मी एकटा पडलो असतो. म्हणून मी यारी आणली."

तिने प्लास्टरमधला हात मांडीवर घेतला.

"तू तिला बाई म्हणून हाक मारायचीस ना, ते मला घरात ऐकू यायचं. बरं नाही वाटायचं."

"मामंजी, मी जाणार नाही कुठे."

"जाऊ नकोच. त्यालाच इकडे येऊ दे. नाहीतरी त्याचा रस्ता इथेच संपतो."

ती रडली, मग हसली. मी वर उभी राहून सगळं ऐकत होते. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी तिचा आधार आहे. मी एका म्हाताऱ्याच्या भीतीचं कुंपणही होते, हे मला त्या दुपारी कळलं. मला राग आला नाही. हेवा करायलाही कुणी उरलं नाही. फार हलकं वाटलं, आणि फार रिकामंही.

त्यांचं लग्न झालं. काही दिवसांनी म्हातारी लोहारीण आली आणि माझं दातेरी चाक बदलून गेली. पण हात बरा झाल्यावरही माझी बाई माझ्या दांड्याला शिवली नाही. जवळून जाताना मनगट दुसऱ्या हाताने धरायची, बस.

मग एक बागवाली आली. डोंगरउतारावर तिची फळबाग, पायऱ्यापायऱ्यांची. लोडर तिथे चढत नाही आणि शेणखताची पोती पाठीवर नेऊन तिची पाठ गेली होती. तिने मला मागून घेतलं. माझे भाग सुटे केले, आणि मला गाडीवर चढवलं कुणी? लोडरने. जन्मभर मी उचलत आले, मला उचलायची ही पहिलीच वेळ. खरं सांगते, मेल्याने हळू ठेवलं.

बागेत मला उभं करायला दोघं नवरा-बायको आली होती. बागवालीने दांडा फिरवून पाहिला. "अय्या, किती हलकी चालते हो!"

"याहून हलकी चालायची," माझी बाई म्हणाली. "तुमच्या हाताला एवढ्यात नाही वळायची ती. पंजा आधी थोडा तिरका रुतवावा लागतो. आणि तेल घालाल ना? कसलं घालणार? नको, ते नको. मीच आणून देईन. दर पंधरा दिवसांनी येऊन बघून जाईन."

"अगं, आता त्यांची आहे ती," लोडरवाला हळूच म्हणाला.

"कुणाची आहे ते मला कळतं."

हा सूर मी लगेच ओळखला. कसा ओळखणार नाही? आयुष्यभर माझ्या लोखंडात तोच तर वाजत होता. जाताना तिने दांड्यावर हात ठेवला. मोडून जुळलेला हात. क्षणभरच. मग उतार उतरून गेली.

आता मी इथे आहे. दिवसाला वीस-पंचवीस पोती चढवते, फळांच्या टोपल्या उतरवते. बाबांनो, तुमच्या परसात माझ्यासारखी एखादी जुनी उभी असेल, तर तिच्या खिटीला हात लावून बघा, दात तपासा. हेवा कुणाला सुटत नाही, माणसाला नाही की लोखंडाला. पण ओझ्याखाली कुणी वाकलेलं असताना तो मनात येऊ नये, एवढंच मागणं. माझ्या मनात आला होता. हाड मोडल्याचा तो आवाज अजून माझ्या दांड्यात आहे.

चला, पोतं बांधून झालं. बागवाली चांगली आहे, हाताला मऊ आहे. फक्त तिचा एक कुत्रा आहे, लंगडा, आळशी, उपयोग शून्य. दिवसभर ती त्याच्याशीच बोलत असते. माझ्याशी अजून एक शब्द नाही.

बघतेय मी.