फाइना काकूंनी चावलेले सेल

मित्रांनो, मी ठोकळ्यांचा एक जुना खेळ आहे, आणि 'जुना' म्हणताना माझी मान खाली जात नाही. तळहाताएवढे राखाडी प्लास्टिक, काचेमागे काळे चौकोन, पोटात दोन सेल. वरून ठोकळे पडतात, तुम्ही ते फिरवून बसवता, ओळ भरली की ती नाहीशी होते. एवढेच. माझ्यानंतर रंगीत खेळ आले, गाणारे आले, लढाया करणारे आले. त्यांतले कितीतरी आज भंगारात आहेत. मी अजून चालतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यातला. एका व्यापारी बाईच्या चौकड्यांच्या पिशवीत, लोकरी मोज्यांखाली दबून मी रशियाच्या उत्तरेतल्या कोतलास शहरात पोहोचलो. तिथल्या बाजारात वेन्या नावाच्या तरुणाने मला घेतले आणि घरी त्याच्या आईसमोर, कापितोलिना साव्विश्ना बाईंसमोर धरले. बाईंनी उभा जन्म लाकडाच्या वखारीत मालगाडीचे डबे भरून घेण्यात घालवला होता.

"हे काय पोराटोरांचं?" असे म्हणून त्यांनी दोन मिनिटे पाहिले. मग म्हणाल्या, "अरे, ते आडवं टाक ना. असा डबा भरला असतास तर मी तुला वखारीतून हाकललं असतं. आण इकडे."

त्या दिवशी बिटाचे सूप ताटलीतच निवले.

पुढे वेन्याला आणखी दूर उत्तरेला, वोर्कुताच्या कोळशाच्या खाणीत नोकरी लागली. निघताना रीतीप्रमाणे दोघे दारापाशी मिनिटभर गप्प बसले. असे बसल्याशिवाय तिकडे कुणी प्रवासाला निघत नाही. उठताना वेन्याने माझ्या काचेवर बोट ठेवले. तिथे त्याचा सर्वांत मोठा आकडा होता, अडतीस हजार चारशे साठ.

"आई, हा आकडा मोडलास तर बटाटे लावायला मी स्वतः येईन."

"तू? तुझ्या हातात फावडं शेवटचं कुणी पाहिलं?"

"आधी मोड तर. आणि साक्षीदार लागेल. तुझ्या एकटीच्या शब्दावर नाही येणार."

तो गेला आणि तीन वर्षे फिरकला नाही. बाईंना मुलगा घरी यायला हवा होता, पण 'ये' हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नव्हता. पत्रात त्या बर्फ किती पडला ते लिहीत. म्हणून त्या खेळत. चहा आणि मुरंबा बाजूला सारून रोज खेळत.

माझी एक कमजोरी सांगतो. सेल निघाले की माझी आठवण क्षणभर तग धरते, मग पुसली जाते. बाई नवे सेल हाताशी ठेवून, श्वास रोखून, डोळ्याचे पाते लवायच्या आत बदलत. वेन्याचा आकडा त्यांनी असा तीन वर्षे सांभाळला.

चौथ्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी तो मोडला. चाळीस हजार एकशे वीस! बाईंनी समोरच्या दारावर थाप मारली. तिथे फाइना लुकिनिच्ना राहत. दोघींचे लोणच्यावरून कायम वाजे, पण फाइना बाई कधी खोटे बोलल्या नाहीत हे साऱ्या जिन्याला ठाऊक होते. त्या पिठाचे हात घेऊन आल्या आणि आकडा दोनदा मोठ्याने वाचला.

"लोणचं जमत नाही, पण हे जमतं बाई तुला."

वेन्याला कळवायला फोन ऑफिसात जायचे म्हणून बाई कोट चढवायला आत गेल्या. नेमके तेव्हा माझे सेल संपत आले आणि काच फिकी पडू लागली. आता तिकडे संपलेला सेल कुणी लगेच फेकत नाही. तो दाताखाली धरून चेपायचा, म्हणजे आणखी तासभर चालतो. फाइना बाईंनी चांगल्या मनाने तेच केले. दोन्ही सेल काढले, नीट चावले, पुसून परत बसवले. मी 'टीं' केले. काचेवर शून्य.

बाई कोटाची बटणे लावत बाहेर आल्या आणि तशाच खुर्चीवर बसल्या.

"विझत होतं गं," फाइना बाई म्हणाल्या. "म्हणून चावले."

बाईंनी बटणे एकेक करून परत काढली. "जाऊ दे. तो तसाही आला नसता."

मित्रांनो, मला स्वतःचा मोठा अभिमान आहे, पण त्या क्षणी मला माझी लाज वाटली.

फाइना बाई उठल्या. मला खिशात टाकून त्या थेट फोन ऑफिसात गेल्या आणि फोनच्या बूथमध्ये शिरून वोर्कुताला ओरडू लागल्या.

"वेन्या, मी फाइना काकू. तुझ्या आईने तुझा आकडा मोडला. चाळीस हजार एकशे वीस. मी डोळ्यांनी पाहिला."

"दाखवा म्हणावं."

"दाखवू काय कपाळ? मी सेल चावले, सगळं पुसलं गेलं. तुझंही गेलं."



"आई काय म्हणाली?"

"म्हणाली, तो तसाही आला नसता."

मे महिन्यात वेन्या आला. बरोबर डझनभर सेल होते. त्याने बटाटे लावले, वाकड्या सरीत लावले म्हणून बोलणीही खाल्ली, आणि संध्याकाळी माझ्यावर नवा आकडा उभा केला, एकोणचाळीस हजार दोनशे.

निघायच्या दिवशी बॅग दाराशी होती. बाई शेवटचा डाव खेळल्या. एकोणचाळीस हजार शंभरपर्यंत आल्या, कडेला चार घरांची खोल फट नीट राखलेली होती, आणि वरून लांब काठी उतरली. तिथे टाकली की झाले. ज्या अंगठ्याने इतक्या वर्षांत एक काठी चुकवली नव्हती, तो माझ्या बटणावर नुसता टेकून राहिला. काठी भलत्याच जागी पडली, मागचे ठोकळे वरपर्यंत चढले आणि डाव संपला.

"हरले बाई," त्या म्हणाल्या.

"म्हणजे पैज चालूच?"

"चालूच. बस आता मिनिटभर, गाडी चुकेल."

जिंकल्या असत्या तर वेन्याचा आकडा गेला असता आणि पुढच्या वर्षी मोडायला काही उरलेच नसते. हे फक्त मला आणि त्यांच्या अंगठ्याला माहीत आहे. पुढच्या एप्रिलात त्यांनी तो आठवड्याभरात मोडला. फाइना बाई साक्षीला आल्या, हात मागे बांधून. वेन्या आला. तेव्हापासून दर मे महिन्यात येतो आणि जाताना नवा आकडा ठेवून जातो. आज बाई ऐंशीच्या पुढे आहेत आणि मी त्यांच्या एप्रनच्या खिशात आहे.

म्हणून विनंती एवढीच. माझ्यासारखा एखादा तुमच्या कपाटात पडला असेल तर त्याचे सेल चावू नका, नवे घाला. आणि घरापासून दूर कुणी असेल, तर बाईंसारखा अंगठा सगळ्यांना नसतो. तुम्ही आपले सरळ 'ये' म्हणा.