हळदीकुंकवातल्या सह्या

“पुन्हा सांग. ठराव कुणी आणला?”

“मला ठाऊक न्हाई.”

“सही करताना वाचलास का?”

“मला आठवत न्हाई.”

“मग कुणाला ठाऊक?”

संयोगिताबाईंनी चहा उतरवला, दोन कपांत गाळला आणि मगच तोंड उघडलं. “आवं, ह्ये तिसरं माझ्या तोंडातनं न्हाई येत.”

“येईल. ‘मॅनेजरला इचारा.’ एवढंच म्हणायचं.”

ॲडव्होकेट वीरधवल साळुंखे सांगलीच्या कोर्टात पतसंस्था, सोसायट्या आणि दूध संघांच्या घोटाळ्यांतल्या आरोपींचे वकील होते. कोयता चालवणारा त्यांच्या ऑफिसची पायरी चढत नसे. त्यांचे आरोपी इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत येत आणि आधी साहेबांच्याच तब्येतीची चौकशी करत. पोलिसांकडे जाणाऱ्या प्रत्येकाला साहेब हीच तीन वाक्यं पाठ करून देत. वकीलमंडळी त्याला ‘साळुंख्यांचं त्रिफळा चूर्ण’ म्हणत. त्या चूर्णावर मोठमोठे चेअरमन सुखरूप घरी आले होते. मॅनेजर मात्र बहुतेक आतच राहिले.

आज तीच पुडी घरात सोडायची वेळ आली होती आणि साहेबांचा कप बशीवर वाजत होता.

झालं होतं असं. शंभूराज नावाच्या त्यांच्या जुन्या अशिलानं आष्ट्याकडच्या एका गावात महिला पतसंस्था काढली. चेअरमन त्याची बायको, कारभार त्याचा. संचालक मंडळात एक नाव कमी पडत होतं. “वहिनींचं घालूया की, नावापुरतं,” तो साहेबांना म्हणाला. सगळ्या जिल्ह्याला शहाणपण विकणारा हा माणूस ‘घाल’ म्हणून मोकळा झाला. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

त्या संस्थेची मीटिंग अशी कधी झालीच नाही. दर संक्रांतीला चेअरमनबाईंकडे हळदीकुंकू असे. तिळगूळ घ्यायचा, वाण म्हणून स्टीलचा डबा घ्यायचा आणि निघता निघता टेबलावरच्या कागदांवर सही करायची. कागद शंभूराज स्वतः आणून ठेवी. चार बायकांत कागद वाचत बसणं बरं दिसत नाही, म्हणून कुणी वाचले नाहीत. औंधच्या शाळेत बारावीपर्यंत शिकलेल्या संयोगिताबाईंनीही नाहीत. त्याच सह्यांच्या ठरावांवर कर्जं वाटली गेली आणि संस्था बुडाली. शंभूराजनं मॅनेजर पूजाकडे बोट दाखवलं आणि ती पंचविशीतली पोर तुरुंगात गेली. संयोगिताबाईंच्या डब्यांत मात्र अजून पोहे आणि रवा भरलेला होता.

आता त्यांनाही चौकशीची नोटीस आली होती. बायको अडकेल ही भीती साहेबांना होतीच. पण त्या भीतीच्या पोटात आणखी एक भीती होती, जी त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. ‘तुम्हाला संचालक कुणी केलं?’ असं विचारल्यावर ही खरं बोलली, तर आरोपींत आपलं नाव लागणार. वकिलीची सनद जाणार. ज्या कोर्टात लोक उठून नमस्कार करतात, तिथं पिंजऱ्यात उभं राहावं लागणार. आणि संयोगिताला खोटं बोलता येत नाही, हे त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं.

आर्थिक गुन्हे शाखेच्या दारात त्या थांबल्या. “चष्मा कुटं हाय तुमचा?”

“राहिला घरी.”

“भ्यालाय व्हय?”

“छे!”

त्या आत गेल्या. साहेब बाहेरच्या बाकावर बसले. या बाकावर ते किती वेळा बसले असतील, पण मोबाइल बघत. शेजारी आरोपीची बायको पदराचं टोक पिळत विचारायची, “सायेब, सोडतील न्हवं?” आणि ते मान वर न करता म्हणायचे, “काही होत नाही.” आज आत नुसती खुर्ची सरकली तरी ते दाराकडे वळून बघत होते. कुणीतरी यावं आणि आपल्याला ‘काही होत नाही’ म्हणावं, असं त्यांना फार वाटलं. जाणाऱ्या हवालदारानं ओळखीचा नमस्कार केला आणि तो पुढे गेला.

संयोगिताबाई बाहेर आल्या तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं.

“काय सांगितलंस?”

“सही माजी हाय. वाचता येतंय, पर वाचलं न्हाई. आन कागद पूजानं न्हाई आनले, शंभूराजरावांनी आनले.”

“अगं, स्वतःला आरोपी करून बसलीस!”

“व्हय. त्या पोरीची आय जेलच्या दारात बसती. तिला काय सांगू, मला आठवत न्हाई म्हनून?”

साहेबांनी जे विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तेच तोंडातून गेलं. “माझं नाव?”

संयोगिताबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. आपण काय विचारलं ते साहेबांना तेव्हा कळलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“इचारलं त्यांनी, संचालक कुनी केलं म्हनून. म्हटलं, उद्या सांगते. आधी घरात इचारते.” त्यांनी पदर सारखा केला. “आता तुमीच सांगा. मी सांगू, का तुमी सांगताय?”

घरी राहिलेला चष्मा साहेब खिशात चाचपू लागले. संयोगिताबाईंनी रिक्षाला हात केला आणि कोर्टासमोरच्या गल्लीत घ्यायला सांगितलं. तिथं ॲडव्होकेट आम्रपाली बनसोडेचं ऑफिस होतं. ही साहेबांची जुनी ज्युनिअर. तिसरं वाक्य मी कुणाला शिकवणार नाही, असं तोंडावर सांगून सोडून गेलेली.

“तिच्याकडं कशाला? मी हाय की वकील!” घाबरले की साहेब गावच्या बोलीत बोलत.

“ह्यात तुमी वकील न्हाई. नवरा म्हनून बसा.”

सर आले म्हणून आम्रपाली उठून उभी राहिली. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं वकीलपत्र पुढे ठेवलं. हा कागद आजवर साहेबांच्या एकाही अशिलानं वाचला नव्हता. ते बोट ठेवायचे, “इथं, आणि इथं.” संयोगिताबाईंनी पर्समधून चष्मा काढला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचायला लागल्या. एका शब्दाचा अर्थ विचारला. पुन्हा मागे गेल्या. आम्रपालीनं घाई केली नाही. शेवटी त्यांनी पूर्ण नावानं सही केली.

पंखा फिरत होता. साहेब टेबलाच्या अशिलाकडच्या बाजूला बसले होते, या बाजूला पहिल्यांदाच.

“आम्रपाली, अजून एक कोरं वकीलपत्र हाय का?”

“कुणासाठी, सर?”

“माझ्यासाठी. उद्या हिच्या आधी मी जातो आत. हिला संचालक मी केलं, ते मीच सांगतो.”

आम्रपालीनं कागद काढून समोर ठेवला. साहेबांनी सवयीनं पेन उघडलं आणि थेट खालची जागा शोधायला लागले.

संयोगिताबाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पदरानं पुसला आणि त्यांच्या हातात दिला.

“आधी वाचा,” त्या म्हणाल्या.

भीती काही गेली नव्हती. साहेबांनी बायकोचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि वरच्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.