दोन घरं सरकलेली सूरपेटी

मित्रांनो, मी एक जुनी सूरपेटी. गाणं मला येत नाही. भाता हलला की एकच सूर लांबवर धरायचा आणि गाणाऱ्याने त्याच्या आधाराने चालायचं, एवढंच माझं काम. पण पोटात सतत वारा, त्यामुळे स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. त्यात गेले सहा महिने तर जिवाला घोर लागला होता.

एका सुताराने मला घडवलं. तेरा सूर, तेरा पितळी खिट्ट्या आणि प्रत्येक खिट्टीशेजारी काळी एक, काळी दोन असं तिच्या पट्टीचं नाव लिहिलेली कागदी चिठ्ठी. एका गायनशिक्षिकेकडे मी वीस वर्षं मानाने राबले. ती गेली, मी माळ्यावर पडले, झुरळांनी भाता कुरतडला. मग जुन्या बाजारातल्या दुरुस्तीवाल्याच्या हाती लागले. त्याने पॉलिशसाठी चिठ्ठ्या काढल्या आणि परत लावताना दोन-दोन घरं पुढे सरकवल्या. काळी एकची चिठ्ठी काळी दोनवर बसली. शेवटी उरलेल्या दोन त्याने पहिल्या घरांत दडपून दिल्या. मी बोंब तरी कशी मारणार? जी खिट्टी ओढाल, तिचाच सूर माझ्यातून निघतो.

गाण्याच्या सरावासाठी मला विकत घेतलं कोर्टातल्या एका निवृत्त शिपायाने. पक्षकारांच्या नावांचा पुकारा करण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. घरात मीठ मागितलं तरी शेजारी दचकत. बायकोने त्याला कुंडलिनी योगाच्या वर्गाला नेलं. तिथे 'सत् नाम' हा मंत्र काळी एकच्या पट्टीत बेंबीपासून उचलून वरच्या 'सा'पर्यंत न्यायचा असे. याचा आवाज एकाच सुरावर खिळलेला, जरा वर गेला की चिरकायचा.

"तीस वर्षं दुसऱ्यांची नावं ओरडलो," तो बायकोला म्हणाला. "या गळ्यात माझं म्हणून काही उरलंय का, तेवढं बघू दे मला."

रोज सकाळी तो ओठ मिटून गुणगुणे, 'ऊ' म्हणत हळूहळू खाली घसरे, मग काळी एकची खिट्टी ओढून एकेक सूर वर चढे. शेवटच्या पायरीवर मान ताणली जाई, डोळ्यांत पाणी येई. तिथे माझी घालमेल होई. अरे, तू वर्गापेक्षा दोन घरं वर चढतोयस! पण माझं ऐकतो कोण? घरी जमत नाही म्हणून वर्गात हा पठ्ठ्या मागे बसून नुसते ओठ हलवायचा.

"शनिवारचा वर्ग शेवटचा," एके दिवशी तो म्हणाला. "माझा गळा कामातून गेलाय."

त्या शनिवारी योगवर्गाच्या शिक्षिकेच्या पेटीचा भाता फाटला. "आमच्याकडे आहे की!" म्हणत बायको घरी धावली आणि मला काखोटीला मारून घेऊन आली. शिक्षिकेने काळी एक ओढली. अर्ध्या मंत्रातच वर्गाची दाणादाण उडाली. पुढच्या बाईंना ठसका लागला, खुद्द शिक्षिकेचा आवाज फाटला. मागून मात्र एकजण मला धरून चढत राहिला. कापत कापत, पण पोचला.

शिक्षिकेने खिट्ट्या एकेक करून वाजवल्या. "अहो, चिठ्ठ्याच चुकल्यात! ही काळी दोन आहे. तुम्ही रोज हिच्यावर म्हणता?"

तिने त्याच्याकडे बघत खरी काळी एक ओढली.

"म्हणा आता."

आवाज न ढकलता निघाला आणि वरच्या 'सा'वर जाऊन आरामात टेकला. बायको गर्रकन मागे वळली.

"अगं बाई, हे कोण?"

"मी," तो इतक्या हळू म्हणाला की तिला परत विचारावं लागलं.

मित्रांनो, मला पुसा, माझा भाता जपा. पण कुणी कमी पडतोय असं वाटलं, तर आधी त्याला मापणारी पेटी तपासून बघा. एका भल्या माणसाने सहा महिने माझ्या भरवशावर स्वतःला नालायक ठरवलं, आणि मला एक शब्द बोलता आला नाही.