शिकाऊ हात

मुलीने एक हात बाईंच्या खांद्यांखाली घातला, दुसरा गुडघ्यांखाली सरकवला आणि श्वास रोखून धरला.

“थांब,” बाई म्हणाल्या. “काय करणार आहेस?”

“तुम्हाला उठवून बसवतेय.”

“ते तुला माहीत. मला कुठे सांगितलंस?”

मुलीने दोन्ही हात काढून घेतले. पक्षाघाताने बाईंची डावी बाजू लुळी पडली होती. जीभ मात्र शाबूत होती. थोडी संथ झाली होती एवढंच, आणि त्यामुळे प्रत्येक शब्द नेमका जाऊन लागायचा. पलंगाशेजारी चाकांची खुर्ची तयार होती. दारात सून उभी होती. ती मदतीला पुढे येईल असं मुलीला वाटलं, पण सून पदराशी चाळा करत तिथेच थांबली.

“बाई, मी आता तुम्हाला कुशीवर वळवणार आहे,” मुलगी म्हणाली. “मग पाय खाली सोडून बसवीन.”

“हं. आता कसं. आणि श्वास घे, नाहीतर मला उचलायच्या आधी तूच आडवी व्हायचीस.”

त्या दिवशी बाई खुर्चीत बसल्या खऱ्या, पण पोत्यासारख्या एका अंगाला कलंडून. मुलीचा घाम कानामागून ओघळत होता. बाईंनी चांगल्या हाताने उशी मागितली, स्वतःच्या कुशीत खोचली आणि म्हणाल्या, “पोचलो एकदाचे. खरचटलंबिरचटलं काही नाही ना?”

मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. लेखी परीक्षेत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण त्या सत्राच्या सुरुवातीला वॉर्डात एका म्हाताऱ्या रुग्णाला खुर्चीत बसवताना तो तिच्या हातून निसटून फरशीवर गेला होता. मोडलं काही नाही. उलट त्यानेच तिची समजूत घातली, सिस्टरही “होतं असं” म्हणून पुढे गेल्या. पण तेव्हापासून कुणाच्या अंगाला हात लावायची वेळ आली की तिचे हात लाकडासारखे व्हायचे. रक्तदाब घेताना पट्टा गुंडाळायचा, तोही सैल राहायचा. तिने मनाशी ठरवून टाकलं, हे आपलं काम नाही. सत्र संपलं की गाशा गुंडाळायचा.

तसं तिने ट्यूटर मॅडमना जाऊन सांगितलंही. मॅडम रागावल्या नाहीत, समजूतही काढली नाही. त्यांनी एक पत्ता दिला.

“कॉलेज सुटलं की इथे जात जा. एक बाई आहेत. मुलगा नोकरीसाठी परगावी असतो, आणि सुनेला एकटीला झेपत नाही. सत्र संपेपर्यंत कर. मग जायचं तर खुशाल जा.”

बाईंनी जन्मभर गाडी चालवायला शिकवलं होतं. ड्रायव्हिंग स्कूल त्यांचं स्वतःचं. नवशिक्याच्या शेजारी बसून गावातला प्रत्येक चौक त्यांनी असंख्य वेळा ओलांडला होता. गावात गाडी चालवणारी अर्धी माणसं आपल्या बिल्डिंगच्या कुंपणाला घासून गेली आहेत, असं त्या अभिमानाने सांगत. ट्यूटर मॅडमही त्यांच्याकडेच शिकलेल्या.

“तुमच्या मॅडमना रिव्हर्स अजून येत नसेल,” बाई म्हणाल्या. “हाताने नाही, घाबरून घ्यायची ती. तुझ्यासारखीच.”

आणि त्या दिवसापासून त्यांनी मुलीचं नाव पाडलं, शिकाऊ.

शिकाऊ रोज दुपारी यायची. जिना चढून तिसरा मजला, दाराशी चपला, मोरीत कोपरापर्यंत हात धुणं. मग बाईंचं अंग पुसणं, कपडे बदलणं, त्यांना खुर्चीत बसवून खिडकीशी नेणं, घोट घोट सूप पाजणं, लुळा हात वरखाली करून घेणं. सून तिला दार उघडून द्यायची आणि म्हणायची, “तू आलीस की माझ्या जिवात जीव येतो बघ. मला नाही गं जमत त्यांना हलवायला.” मग ती स्वयंपाकघरात जायची, ती बोलावल्याशिवाय यायचीच नाही.

बाई साध्या पेशंट नव्हत्या. पाणी गार असलं तर सांगायच्या, गरम असलं तर सांगायच्या, आणि बरोबर असलं तर गप्प राहायच्या. अंग पुसताना जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा ठेवायचा, बाकीच्या अंगावर चादर हवीच. “मी काय शोरूममधली गाडी आहे?” असं त्यांनी एकदाच विचारलं, पुन्हा विचारायची वेळ आली नाही. लुळ्या हाताला मुलगी “तो हात” म्हणाली, तर बाईंनी तिला अडवलं. “तो नाही. माझा. रुसलाय, पण घरातलाच आहे.” सूप पाजताना मुलीची नजर घड्याळाकडे गेली की बाई तोंड मिटून घ्यायच्या. मुलीने घड्याळाकडे पाठ करून बसायला सुरुवात केली. मग तिला दिसू लागलं की घोट गिळला गेला की बाईंचा गळा कसा हलतो, आणि दमल्या की तो कसा उशिरा हलतो. पुस्तकात हे चार ओळींत होतं. तिने त्या ओळी पाठ केल्या होत्या, पाहिल्या कधीच नव्हत्या.

एकदा व्हायचं ते झालं. बाईंना उभं करून खुर्चीकडे वळवताना त्यांचा डावा गुडघा मुडपला. मुलीने आपला गुडघा पुढे लावला होता, म्हणून दोघी खाली गेल्या नाहीत. धपकन पलंगावर परत बसल्या एवढंच. पण मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंच्या कमरेभोवतीचे तिचे हात सुटले.

“मी वहिनींना बोलावते,” ती म्हणाली.

“ती येऊन काय करणार? तिला जमत असतं तर तू कशाला लागली असतीस?”

“बाई, माझ्याच्याने नाही होणार.”

“काय झालं? गाडी बंद पडली. चौकात पडली, मागचे हॉर्न वाजवतायत. म्हणून काय उतरून घरी जायचं?” बाईंनी आपला चांगला हात तिच्या मनगटावर ठेवला. हात कोरडा, उबदार होता. “चावी फिरव. घाई नाही. माझी काही गाडी सुटत नाहीये.”

मुलगी बराच वेळ तशीच बसून राहिली. बाईंनी हात काढला नाही. शेवटी मुलीने नाक पुसलं, खुर्ची थोडी जवळ ओढली, चाकांचे ब्रेक पाहिले, बाईंची पावलं सरळ केली.

“बाई, मी तीन म्हटलं की पुढे झुकायचं. मग आपण उभ्या राहू.”

“आपण,” बाई म्हणाल्या. “हा शब्द आवडला मला.”

त्या खेपेला बाई खुर्चीत सरळ बसल्या. उशी लागली नाही.

वॉर्डातला बदल एकदम झाला नाही. पण एका सकाळी कोपऱ्यातल्या खाटेवरचे एक आजोबा कुणालाच अंग पुसू देईनात. शिव्या देत होते, हात झटकत होते. मुलगी पाण्याचं भांडं खाली ठेवून त्यांच्या शेजारी स्टुलावर बसली. काय करणार आहे ते तिने सांगितलं, आधी चेहरा, मग हात, आणि नको वाटलं तर तिथेच थांबू. आजोबांनी तिच्याकडे संशयाने पाहिलं, मग हळूच तोंड पुढे केलं. ती पुसत राहिली. आपले हात लाकडासारखे झालेत की नाही हे पाहायचं ती विसरूनच गेली, आणि आठवण झाली तेव्हा भांड्यातलं पाणी गार झालं होतं, आजोबांचा डोळा लागला होता. फेरीवरच्या सिस्टर खाटेपाशी क्षणभर थांबल्या. त्यानंतर एखाद्या नाजूक रुग्णाला कूस बदलून द्यायची असली की त्या हाक मारायच्या ती तिलाच.

सत्र संपत आलं. गाशा गुंडाळायची गोष्ट मुलीने पुन्हा काढली नाही, मॅडमनीही काढली नाही.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी तिचा नंबर सुरुवातीलाच लागला. बाहेरून आलेल्या परीक्षक कडक म्हणून प्रसिद्ध होत्या. त्यांनी तिला नेमकं तेच काम दिलं, एका बाजूने अधू असलेल्या रुग्णाला पलंगावरून खुर्चीत बसवणं. काम झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, दोन प्रश्न विचारले आणि मान हलवून तिला सोडून दिलं. बाहेर आल्यावर मैत्रिणी विचारत राहिल्या, पण तिला कधी एकदा बाईंना सांगते असं झालं होतं. ती नेहमीपेक्षा बरीच लवकर निघाली आणि जिना जवळजवळ पळतच चढली.

दार नुसतं लोटलेलं होतं. ती बेल वाजवणार, तेवढ्यात फटीतून आतली खोली दिसली आणि तिचा हात तिथेच थांबला.

बाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. ताठ, केस विंचरलेले, डोळ्यांवर चष्मा, मांडीवर वर्तमानपत्र. सून पलंगावरची चादर झटकत होती.

“चल,” बाई म्हणाल्या. “ठेव मला परत पलंगावर. यायची वेळ होत आली तिची.”

“आज बसू द्या ना. एवढं छान ऊन आलंय. ती आली की मी सांगते, मीच बसवलं म्हणून.”

“मग तिने येऊन काय करायचं? माझं तोंड बघायचं?”

“तुमचं पण ना.” सून हसली. “सकाळी मी उठवायचं, दुपारी परत निजवायचं, म्हणजे तिने उठवायचं. आणि वर मला येत नाही म्हणून सोंग आणायचं. एक दिवस मी नक्की हसणार.”

“हसलीस तर बघ. तिच्या मॅडमनी विश्वासाने पाठवलीय. पोरीचा धीर गेला होता गं. धीर काय सांगून येतो का? कुणाला तरी आपली गरज आहे म्हटल्यावर येतो. चल, उचल.”

सुनेने ब्रेक लावले, बाईंच्या गुडघ्याला आपला गुडघा लावला, त्यांच्या कमरेभोवती हात घातले, आणि एखादं दार उघडून मिटावं इतक्या सहज त्या दोघी वळल्या. बाई पलंगावर होत्या. मध्ये श्वाससुद्धा कुणी मोठ्याने घेतला नव्हता. इतके दिवस ज्या हातांनी हे केलं असेल तेच हात आता बाईंची उशी मुद्दाम थोडी वाकडी करून ठेवत होते.

मुलगी मागे सरली. आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेऊन ती एक मजला खाली उतरली आणि पायरीवर बसली. खालून कुणी शेजारीण भाजीची पिशवी घेऊन वर आली, तिने विचारलं, “बरं नाही का गं?” मुलीने मान हलवली. बरं आहे, खूप बरं आहे, असं तिला म्हणायचं होतं. ओढणीने डोळे पुसले तरी ते पुन्हा भरून येत होते. जिन्याच्या खिडकीतलं ऊन तिच्या हातांवर पडलं होतं. ते हात तिने उलटेसुलटे करून पाहिले. मग उठली, खाली जाऊन अंगणातल्या नळावर तोंड धुतलं आणि पाय जरा जोरात आपटत वर गेली. बेल वाजवली.

“बरं झालं आलीस,” दार उघडत सून म्हणाली. “केव्हाच्या वाट बघतायत. मला एकटीला कुठलं जमायला.”

“मी आहे ना, वहिनी,” मुलगी म्हणाली.

तिने हात धुतले. वाकडी उशी सरळ केली. “बाई, आपण आता खिडकीशी जाऊन बसू या. छान ऊन आलंय.” बाईंनी चांगला हात तिच्या खांद्यावर टाकला. तिने तीन म्हटलं, दोघी उभ्या राहिल्या, वळल्या, बसल्या. सुनेइतकं सहज नव्हतं ते. पण जमलं.

“परीक्षा कशी झाली?” बाईंनी विचारलं.

“चांगली. परीक्षक म्हणाल्या, हे कुठे शिकलीस?”

“मग? काय सांगितलंस?”

मुलीने खाली बसून बाईंचं डावं पाऊल पायटेकणीवर नीट ठेवलं. ते ठेवताना तिचे हात तिथे थोडे जास्त वेळ राहिले.

“म्हटलं, माझ्या एक बाई आहेत. फार अवघड पेशंट. घरात कुणालाच त्यांना हलवता येत नाही.”

स्वयंपाकघरात भांड्यावरचं झाकण पडल्याचा आवाज आला. सुनेने ते लगबगीने उचललं. बाईंनी चष्म्यावरून मुलीकडे पाहिलं. तिचे लाल झालेले डोळे, ओल्या बटा, धुतलेला चेहरा. मग वर्तमानपत्राची घडी उलगडत त्या म्हणाल्या,

“उद्या वेळेवर ये. लवकर नको.”

“हो, बाई,” मुलगी म्हणाली, आणि सूप गरम करायला आत गेली.