एका शब्दाचा शिक्का

ठप्!

हा मी ऐकलेला पहिला आवाज, आणि गंमत म्हणजे तो माझाच होता. सिल्वासाच्या आमली भागातल्या एका चिंचोळ्या दुकानात कारागिरानं रबराची अक्षरं कोरली, लाकडी मुठीखाली चिकटवली आणि मला कोऱ्या कागदावर दाबलं. मग मान डोलावून म्हणाला, "चालो, बोलायला लागला!"

मी सिल्वासातल्या एका कॉलेजचा जुना शिक्का. माझं शिक्षण बेताचंच. मला एकच शब्द येतो, 'मंजूर'. तोही अंगावर उलटा लिहिलेला. पण मराठी, गुजराती, हिंदी, कोणतीही भाषा बोलणाऱ्याला तो कळतो. त्यामुळे या गावात माझं कधी अडलं नाही.

ऑफिसातल्या सुलभा मॅडम मला सांभाळत. त्या रत्नागिरीकडच्या. शाई सुकली की मला तोंडाजवळ धरून "हाऽ" करून वाफ सोडत. त्या वाफेला वेलचीचा वास असे. मग मी रजेच्या अर्जावर, सहलीच्या परवानगीवर, बसच्या पासाच्या फॉर्मवर उतरे. खिडकीपलीकडे उभ्या मुलांचे खांदे तेवढ्यात सैल होत. मला ते पाहायला फार आवडे.

एक गोष्ट मात्र उशिरा कळली. 'नाही' म्हणायला कुणालाच माझी गरज पडत नाही. मला उचललं नाही की झालं.

गेल्या वर्षी मुलांच्या भित्तिपत्रकात कुणीतरी कॅन्टीनच्या चहाचं चित्र काढलं. कपाचा तळ स्वच्छ दिसतोय आणि तळाशी मासे पोहताहेत. कॅन्टीनवाले ललितभाई स्वतः हसले. प्राचार्य मधुकर सर नाही हसले. सर तसे वाईट नाहीत. कॉलेजवर त्यांचा जीव, म्हणून त्याला कुणी बोट लावलेलं सहन होत नाही. त्यांनी अकरा कलमांची नियमावली करून नोटिशींच्या फळ्यावर लावली. टिंगल नको, टीका नको, कॉलेजचं नाव खराब होईल असं काही नको. आणि माझा ठसा नसलेला कोणताही कागद फळ्यावर लागणार नाही.

एकदम माझा मान वाढला. पण खरं सांगतो, काम कमी झालं. बरेच कागद माझ्यापर्यंत येत आणि तसेच कोरडे परत जात.

त्यातच खानवेलची दुर्गा आली. दुसऱ्या वर्षाची मुलगी. तिचा लेख एका पानाचा होता. प्रॅक्टिकल साडेपाचला सुटतं आणि खानवेलची शेवटची बस सव्वापाचला सुटते. त्यामुळे तिकडच्या मुली अर्धं प्रॅक्टिकल सोडून पळतात. तिची मैत्रीण चंदा तर आता कॉलेजच सोडायला निघाली होती.

सरांनी वरचं नाव वाचलं, 'आमचं अर्धं प्रॅक्टिकल'. बाकीचं वाचलं नाही.

"सातवं कलम," ते म्हणाले. "कॉलेजची बदनामी."

"सर, पण बस खरंच सव्वापाचला जाते."

"जाऊ दे ना. फळ्यावर कशाला लिहायचं?"

दुर्गानं तो लेख तसाच, माझ्याशिवाय, फळ्यावर लावला. सरांनी तिला बोलावून सांगितलं, "सोमवारपर्यंत माफीपत्र दे. नाहीतर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसायचं नाही." आणि शिपाई भगवंतला हुकूम दिला, "शिक्का नसलेला एकही कागद फळ्यावर दिसता कामा नये. कोणाचाही असो!"

भगवंत नंदुरबारकडचा. सांगितलं तेवढंच करणारा, पण पुरतं करणारा.

सोमवारी दुपारी तो फळ्यावरून काढलेल्या कागदांचा गठ्ठा घेऊन ऑफिसात आला. पाठोपाठ दारात पोरांचा घोळका.

"मॅडम, परीक्षेचं टाइमटेबल कुठे गेलं?"

"मॅडम, उद्या सुट्टी आहे की नाही?"

सुलभा मॅडमनी गठ्ठा चाळला. टाइमटेबल, सुट्टीची नोटीस, दुर्गाचा लेख. आणि सगळ्यात खाली अकरा कलमांची नियमावली.

सर बाहेर आले. "अहो भगवंत, ही कशाला काढली?"

"शिक्का नव्हता, साहेब."

"माझी आहे ती! खाली सही आहे माझी!"

"सही हाये साहेब, शिक्का नाही. तुम्हीच म्हटलं, कोणाचाही असो. मी कायले आपल्या मनानं ठेवू?"

सुलभा मॅडमना एकाएकी खोकला आला. दारातली पोरं तर भिंतीला धरून हसत होती. भगवंतनं हे साधेपणानं केलं की मुद्दाम, मला आजवर कळलेलं नाही. त्याचा चेहरा कोऱ्या कागदासारखा होता.

तेवढ्यात घोळक्यातून दुर्गा पुढे आली. तिनं माफीपत्राची चिठ्ठी टेबलावर ठेवली. सरांनी ती मोठ्यानं वाचायला घेतली. "शिक्का न घेता लेख लावला, याची माफी मागते. बस सव्वापाचला जाते, याची माफी मला मागता येत नाही, कारण ती जातेच."

शेवटच्या ओळीला सरांचा आवाज बारीक झाला. कुणी हसलं नाही.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला काळजी नको. दुर्गा परीक्षेला बसली. प्रॅक्टिकल आता अर्धा तास आधी सुरू होतं आणि चंदा कॉलेजात आहे. कालच तिनं ललितभाईंच्या समोशाचं चित्र फळ्यावर लावलं, आत एकटाच वाटाणा. ललितभाई ते पाहायला दोनदा येऊन गेले.

मी म्हातारा झालोय. 'मं'वरचं टिंब झिजलंय. एवढंच मागणं आहे, की तुमच्या हातात माझ्यासारखा एखादा असेल, तर त्याला ड्रॉवरमध्ये बंद करण्याआधी समोरचा कागद शेवटपर्यंत वाचा.

पण त्या दुपारचं राहिलंच. सरांनी गठ्ठा उचलला, मला आणि शाईची डबी घेतली आणि फळ्यापाशी गेले. टाइमटेबलवर मला दाबलं. सुट्टीच्या नोटिशीवर दाबलं. नियमावलीवर मला धरलं आणि तसेच थांबले. मग ती काखेत धरून त्यांनी दुर्गाचा लेख वाचायला घेतला. पहिल्या ओळीपासून. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. भगवंतकडून टाचण्या घेऊन चारही कोपरे स्वतः अंगठ्यानं दाबले.

त्या लेखावर मी उतरेन असं मला वाटलं. सरांनी मला उलटं करून माझा तो एक शब्द पाहिला. मग मला फळ्याखालच्या पट्टीवर ठेवलं, शेजारी शाईची डबी ठेवली, झाकण उघडं. सगळ्या पोरांच्या हाताला येईल अशा जागी.

दुर्गा काहीतरी बोलणार होती. सरांनी काखेतल्या नियमावलीची गुंडाळी केली आणि ते व्हरांड्यातून चालत निघून गेले.